पाच मुलग्यांची गोधडी

“हे मुलाचं की मुलीचं?”

बाईंनी पिशवी उलटी केली, आत हात घालून अस्तर चाचपलं, नाकाशी नेऊन हुंगली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“पिशवी आहे हो,” मी म्हटलं. “बाहेर जाताना बाळाचे लंगोट, दुधाची बाटली ठेवायला.”

“ते दिसतंय मला. ज्या झबल्याची केलीय, ते झबलं कुणाचं होतं?”

“एका बाळाचं.”

“अगं बाई, बाळाचंच असणार, आजोबाचं कसं असेल? पण कुठल्या घरातलं? मुलगा होता की मुलगी? धडधाकट होता का? उद्या ही पिशवी आमच्या नातवाच्या उशाशी राहायची. काही कळायला नको?”

मला काहीच माहीत नव्हतं. बाईंनी पिशवी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि शेजारच्या गाळ्यावरून दोन किलो कुरडया घेऊन गेल्या. त्या कुरडया कुणी घातल्या, कुठल्या घरात वाळल्या, हे त्यांनी विचारलं नाही.

सांगलीतल्या एका मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनाचा तो दुसरा दिवस होता, आणि आमच्या टेबलावरची एकही वस्तू हलली नव्हती. पिशव्या होत्या, लाळेरी होती, पाजताना मांडीवर घ्यायच्या उशा होत्या, ढेकर काढताना आईबापांनी खांद्यावर टाकायची फडकी होती. सगळं लहान मुलांच्या टाकून दिलेल्या कपड्यांपासून केलेलं. लोक यायचे, ‘किती गोड’ म्हणायचे, कुणाचं होतं ते विचारायचे आणि पुढे जायचे.

याला आता बारा वर्षं झाली. माझी भाची अश्लेषा तेव्हा बंगळूरची चांगली नोकरी सोडून पृथ्वी वाचवायला सांगलीला आली होती. पृथ्वी वाचवायला जागा लागते, म्हणून तिनं आमचं गॅरेज घेतलं. माझ्या नवऱ्याची स्कूटर उन्हात गेली. धंद्याचं नाव तिनं ‘पुनर्बाळ’ ठेवलं. मला ते ऐकून दर वेळी श्राद्धाची आठवण व्हायची, पण मावशीला कोण विचारतो?

खरं तर ही कल्पना अश्लेषाची नव्हतीच. आमच्याकडे साड्यांना फॉल लावून द्यायला छाया लोखंडे म्हणून एक बाई यायच्या. चाळिशीच्या आतल्या, बारीक अंगाच्या, हातात विलक्षण सफाई. त्यांच्या खांद्यावर एक पिशवी असायची, आपल्या तिन्ही मुलींच्या फाटक्या झबल्यांचे तुकडे जोडून शिवलेली. अश्लेषानं ती पिशवी पाहिली आणि किंचाळली, “मावशी, हे तर अपसायकलिंग आहे!”

छायाताई दचकल्या. “न्हाई ओ ताई,” त्या म्हणाल्या, “जुन्याचं केलंय. चोरीचं न्हाई.”

महिन्याभरात छायाताईंचं शिलाई मशीन आमच्या गॅरेजमध्ये आलं. कपडे बोहारणींकडून यायचे. बोहारीण म्हणजे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई. साड्या-पॅंटींना तिच्याकडे गिऱ्हाईक असतं, पण डाग पडलेल्या झबल्यांना कुणी विचारत नाही. ती गाठोडी आम्ही घ्यायचो, उकळत्या पाण्यात घालून काढायचो आणि छायाताई त्यातून असं काही शिवायच्या, की ते कधी फेकलेलं होतं हे खरं वाटू नये. फक्त ते खपत नव्हतं.

प्रदर्शनाच्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी अश्लेषा माझ्याजवळ स्टूल ओढून बसली. “मावशी, लोक वस्तू घेत नाहीत, स्टोरी घेतात. त्यांना स्टोरी हवीय. तू लिही.”

“मी काय लिहू? मला त्या मुलांची नावंगावं माहीत नाहीत.”

“तू पेपरात राशिभविष्य लिहायचीस, तेव्हा तुला कुठं ग्रह माहीत होते?”

एका दैनिकाच्या पुरवणीत मी नऊ वर्षं राशिभविष्य लिहिलं होतं. बारा राशींना आळीपाळीनं प्रवासाचे योग दिले, एकानंही परत येऊन तक्रार केली नाही. मी टेबलावरची कोरी कार्डं ओढली आणि पहिलं लिहिलं: ‘मूळ बाळ: मुलगा. जन्मतः वजन आठ पौंड. नवव्या महिन्यात चालला. सध्या अमेरिकेत.’ ते पिशवीला दोऱ्यानं बांधलं. दहा मिनिटांत पिशवी गेली. संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं झालं. शेजारच्या गाळ्यावरच्या कुरडयावाल्या बाई आमच्याकडे डोळे वटारून बघत होत्या.

मला चटक लागली, हे कबूल करते. चार महिन्यांत माझ्या लेखणीतून दोनशेच्या वर बाळं जन्मली आणि सगळे मुलगे. दुसरीत असताना पाढे म्हणणारे, तोंडात बोट न घालणारे, आईला उलट न बोलणारे. एकदा गंमत म्हणून मी एका उशीवर ‘मूळ बाळ: मुलगी. हसरी’ असं लिहून पाहिलं. ती उशी दीड महिना पडून राहिली. शेवटी मी तिचं कार्ड बदललं आणि ती दुसऱ्या दिवशी गेली. सोनोग्राफीवाल्यांवर सरकारची नजर असते, कार्डं लिहिणाऱ्या बाईवर कुणाचीच नसते.

छायाताई कार्डं वाचून हसायच्या. “मॅडम, ह्यातली निम्मी फ्रॉकची हायत ओ. ह्या अमेरिकेतल्या पोराला खाली झालर हुती.”

“मग काय लिहू?”

“लिवा की काय बी. पर एक लिवा. शिवलं कुणी, ते लिवा.”

हे त्या तेव्हापासून म्हणत होत्या. कार्डावर खाली ‘शिवणार: छाया लोखंडे’ एवढी ओळ. घरी दाखवायला हवी होती त्यांना. नवरा ट्रकवर, सासू उंबऱ्यावर, आणि दोघांचंही मत असं, की बाई गॅरेजात चिंध्या चिवडायला जाते. अश्लेषा दर वेळी म्हणायची, “करू या ना छायाताई, नेक्स्ट लॉटला.” मीही मान डोलवायची. मान डोलवायला काय जातं?

मग एक दिवस गॅरेजपुढे मोठी पांढरी गाडी थांबली आणि प्रमिलावहिनी इंगवले उतरल्या. पलूसकडच्या एका गावातलं हे बडं घराणं. मळा, बंगला, गावातल्या दोन-तीन संस्थांवर नवऱ्याचं नाव. वहिनी खुर्चीत बसल्या आणि थेट मुद्द्यावर आल्या.

“आमच्या सूनबाईंना सातवा लागलाय. डोहाळजेवण करायचंय. तुमची ती कार्डाची पिशवी बघितली माझ्या भावजयीकडं. मला गोधडी पाहिजे. पाच घरच्या पाच मुलग्यांच्या झबल्यांची. पाची गुणी पाहिजेत.”

“होईल की,” अश्लेषा म्हणाली.

“पहिली मुलगी आहे आमच्या ऋजुताला, चार वर्षांची. पहिली बेटी धनाची पेटी. पेटी आली, आता किल्ली सांभाळणारा नको का?” वहिनी स्वतःच हसल्या. “आणि हे बघा, त्या पाची आयांना घेऊन यायचं. पाच लेकुरवाळ्या सूनबाईंची ओटी भरतील, गोधडी पोटावर घालतील आणि आपल्या मुलग्याचं नाव घेऊन आशीर्वाद देतील. माणसं मानाची पाहिजेत. मी गाडी पाठवते.”

वहिनी गेल्यावर मी म्हटलं, “अश्लेषा, मुलगेच नाहीत तर आया कुठून आणायच्या?”

“मावशी, मुलगे आपण केले, आया त्यांच्यापुढे काय कठीण आहेत?”

माझ्या ओळखीतल्या पाच जणी मी गोळा केल्या. मुलगे पाचींनाही होते, कार्डातल्यासारखे नव्हते एवढंच. छायाताई गोधडीला बसल्या. गाठोड्यातून चार चांगली झबली निघाली, पाचव्याला काही मनासारखं मिळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक पिवळं झबलं आणलं. मऊसूत, धुऊन धुऊन साईसारखं झालेलं.

“धाकटीचं हाय. ठेवलं हुतं एक. बारीक फुलं हायत, पर आता दिसत न्हाईत.”

“असू दे, कशाला मोडता?” मी म्हटलं.

“चांगल्या जागी चाललंय की. पोरीला सांगितलं मी, तुझं झबलं लई मोठ्या घरात पोटावर घालणार हायत. लई खूश झाली.” मग सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या, “अकरा वर्सांची हाय. कृष्णा पोहून जाती पलीकडं, पोरांच्या आधी.”

मला मजकूर हवाच होता. मी पाचवं कार्ड लिहिलं: ‘शौर्य. वय अकरा. पट्टीचा पोहणारा. नदी पार करतो.’ छायाताईंनी ते वाचलं. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत.

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी पाचवीचा फोन आला. तिच्या माहेरी कुणी तरी आजारी पडलं होतं, ती निघालीसुद्धा होती. वहिनींची गाडी दारात उभी. अश्लेषानं गॅरेजभर नजर फिरवली आणि ती छायाताईंवर येऊन थांबली.

“छायाताई, तुम्ही चला.”

“मी? मला मुलगा न्हाई.”

“कुणाला माहितीय?”

“मला.”

“अहो, एक वाक्य म्हणायचं. ‘माझ्या शौर्यसारखा मुलगा होऊ दे.’ झालं.” मग अश्लेषानं आवाज खाली आणला. “आजचं नीट पार पडू दे. पुढच्या कार्डापासून तुमचं नाव. प्रॉमिस. मावशी साक्षीदार.”

छायाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलवली. त्या थोडा वेळ मशीनच्या पाट्यावर बोटं फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, “आडनाव बी लिवणार न्हवं?” माझी जांभळी साडी नेसून त्या गाडीत बसल्या आणि वाटेत दोनदा मला विचारलं, “शौर्यच म्हणायचं न्हवं?”

बंगल्यापुढे मांडव होता. फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर ऋजुता बसली होती, हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि चेहरा परीक्षेच्या हॉलमधल्या मुलीसारखा. शे-दीडशे बायका. आधी वाट्या झाल्या. झाकलेल्या दोन वाट्या पुढे करतात, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा उचलला तर मुलगा, बर्फी उचलली तर मुलगी. ऋजुतानं उजवीकडची वाटी उघडली. पेढा! टाळ्या पडल्या. दुसरी वाटी वहिनींच्या बहिणीनं झाकणासकट उचलून नेली. नेताना झाकण घसरलं आणि माझं लक्ष गेलं. त्यातही पेढाच होता. त्या दिवशी त्या घरात बर्फीला प्रवेशच नव्हता.

मग आमची गोधडी आली. सगळ्यांनी हात लावून पाहिली. वहिनींनी कार्डं मोठ्यानं वाचून दाखवली. माझं लिखाण इतक्या मोठ्या श्रोतृवर्गापुढे पहिल्यांदाच वाचलं जात होतं आणि मला गुदगुल्या होत होत्या, हे लपवून काय उपयोग?

एकेक आई पुढे गेली. पहिल्या तिघींनी वाक्य बरोबर म्हटलं. चौथी आमची शेजारीण कुसुमकाकू. तिचा हेमंत बारावीला तीनदा बसून शेवटी बॅंजो पार्टीत गेला होता. कार्डावर मी त्याला डॉक्टर केलं होतं. काकूंना ते इतकं आवडलं, की गोधडीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, “माझ्या डॉक्टर हेमंतसारखा मुलगा होऊ दे. लंडनला असतो.” लंडन त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर घातलं. त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी आलं होतं.

पाचव्या छायाताई. त्यांनी ओटी भरली. गोधडीचं एक टोक हातात धरून ती पोटावर नीट पसरली. वाक्य म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात झोपाळ्याच्या मागून ऋजुताची मुलगी इरा पुढे आली. परकर-पोलकं, गजरा वाकडा. तिनं गोधडीवर बोट ठेवलं.

“आजी, ह्यात माझं झबलं कुठंय?”

“तुझं नाही बाळा,” वहिनी म्हणाल्या. “ही दादांची आहेत.”

“मुलींचं एक पण नाही?”

“नाही. मुलींचं कशाला? जा, तिकडं खेळ जा.”

इरा गेली नाही. तिनं पाची तुकड्यांवरून एकदा बोट फिरवलं, जसं काही एखादं राहून गेलं असेल तर सापडावं. ऋजुता खाली बघत होती. छायाताई त्या मुलीकडे बघत होत्या. मी घसा खाकरला. मी जोरात घसा खाकरला.

“हाय की,” छायाताई म्हणाल्या. “हे पिवळं बघ. हे मुलीचं हाय. माझ्या पोरीचं.”

“तिचं नाव काय?”

“हर्षदा. मी ठेवलं शाळेत घालताना. आधी सासूबाईंनी नकुशा ठेवलं हुतं.”

आमच्या भागात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलीवर मुलगी झाली की तिचं नाव नकुशा ठेवायचं, नकोशी झाली म्हणून, म्हणजे देवाला कळतं आणि पुढचा मुलगा देतो, असा हिशेब. पोटावर पाच मुलग्यांची गोधडी म्हणून घातली आणि त्यात नकुशाचं झबलं!

वहिनींनी गोधडी अशी खेचली, जशी सुनेच्या अंगावर पाल पडली असावी. “मॅडम,” त्या म्हणाल्या. अश्लेषाला नव्हे, मला. माझे केस पांढरे होते. “काय ओ हे? खरं काय ते तुम्ही सांगा.”

मी अश्लेषाकडे पाहिलं. ती फोनमध्ये काही तरी फार महत्त्वाचं वाचत होती. शे-दीडशे बायका माझ्याकडे बघत होत्या. ऋजुताही बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी काय बोलते याची ती वाट बघत होती, बस. आणि छायाताई बघत होत्या, माझ्याच साडीत, अगदी निर्धास्त. मॅडमना माहीतच आहे, मॅडम सांगतील, असं.

मी हसले. इतकं सहज हसले, की मला आजही त्याची लाज वाटते.

“वहिनी, अहो या आमच्याकडे शिवायला असतात. पाचव्या बाईंना अचानक जावं लागलं, म्हणून मी यांना नुसतं ओटीपुरतं आणलं. यांना जरा सवय आहे, सगळं आपलंच आहे म्हणायची. गरिबी असते, मनाला लावून घेऊ नका. झबलं शौर्यचंच आहे. त्याच्या आईनं माझ्या हातात दिलंय.”

“असं व्हय!” वहिनींनी श्वास सोडला. “बाई बाई, जीव खाली-वर झाला माझा. मग पाचवी कोण?”

“मी करते,” मी म्हटलं. “मलाही मुलगाच आहे.”

आणि मी पुढे झाले. माझा मुलगा पुण्यात, महिन्यातून एकदा फोन करणारा, तोही मी आधी मिस्ड कॉल दिला तर. पण मुलगा. मी गोधडी पुन्हा पसरली, पिवळ्या तुकड्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, “शौर्यसारखा मुलगा होऊ दे.” टाळ्या पडल्या. हाताखाली ऋजुताचं पोट एकदम आकसलं, ते मला कळलं.

वहिनींनी कुणाला तरी सांगितलं, “ह्या बाईला मागं जेवायला घाला.” मला वाटलं, छायाताई न जेवता निघून जातील, बाहेर रस्त्यावर उभ्या राहतील. तसं झालं नाही. त्या मागच्या ओसरीत बसून नीट जेवल्या. जिलबी दोनदा घेतली. पानात काही टाकलं नाही. अपमान झाला म्हणून उपाशी राहायची चैन आमच्यासारख्यांना परवडते.

परतीच्या वाटेवर चौघी एकमेकींचे खण उलगडून बघत होत्या. कुसुमकाकू लंडनबद्दल बोलत होत्या. आमच्या दारात उतरल्यावर छायाताईंनी आत जाऊन साडी बदलली, जांभळी साडी घडी करून माझ्या हातात दिली आणि मग बोलल्या.

“मॅडम, खोटं बोलायला मी बी तयार झाल्ते. नावासाठी झाल्ते. त्याचं मला काय न्हाई. पर तुमच्या हातात झबलं मी दिल्तं.”

“छायाताई, अहो त्या वेळी दुसरं काय बोलणार होते मी? धंदा बुडाला असता. तुमचंही नाव…”

“घरी पोरगी वाट बघत बसली आसंल. इचारंल, घातलं का पोटावर? घातलं म्हणीन. मग इचारंल, माझं नाव सांगितलं का? काय सांगू? सांगितलं, पर मॅडमनी तुझा मुलगा केला?”

मी साडीची घडी हातात घेऊन उभी राहिले. मला रडू यायला हवं होतं. मला आला तो राग. त्यांचा. इतकं सोपं एक वाक्य होतं, म्हणता आलं नाही बाईला! हा राग किती सोयीचा होता, ते कळायला मला फार वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन आल्या आणि आपलं मशीन घेऊन गेल्या. जाताना गॅरेज झाडून गेल्या. अश्लेषा म्हणाली, “इट्स ओके मावशी, टेलर मिळतील.” मिळाले. इंगवल्यांच्या मांडवातूनच अकरा गोधड्या सांगून आल्या होत्या. कार्डावर नाव घालायचा प्रश्नही परस्पर मिटला. अश्लेषा मला मिठी मारून म्हणाली, “तू वाचवलंस गं आपल्याला.” मी पुढची कार्डं लिहायला घेतली. माझे मुलगे पूर्वीसारखेच भराभर जन्मत होते, फक्त पोहणारा मला कुणी लिहिता येईना.

ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग पुढं झालं काय, मुलगा की मुलगी? चांगली शिकली-सवरलेली माणसं विचारतात. मी सांगत नाही. तुम्हालाही तेच विचारायचं असेल, तर तुम्ही आमचं गिऱ्हाईक व्हायला हवं होतं.

मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. डोहाळजेवणाला दीड महिना झाला असेल. दुपारी मी गॅरेजमध्ये एकटीच होते. दारात रिक्षा थांबली आणि ऋजुता उतरली. पोट खूप पुढे आलेलं, पायांवर सूज. बाळंतपणाला ती सांगलीत माहेरी आली होती, हे मला ठाऊक होतं. बरोबर कुणी नव्हतं.

“या, या,” मी खुर्ची पुढे केली. “एकट्या कशा आलात? निरोप पाठवायचा, मी आले असते.”

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. “छायाताई आहेत का?”

“नाही. त्या सोडून गेल्या. काय हवं होतं? मला सांगा ना.”

“बाळाला पहिल्या आंघोळीनंतर जुनं झबलं घालतात ना. आईकडं जुनं काही राहिलं नाही. इराची होती, ती सासूबाईंनी देऊन टाकली. आणि त्यांनी पाच पाठवलीत, सगळी कार्डं लावलेली.” ती दम घ्यायला थांबली. “मला छायाताईंच्या मुलीचं हवंय. हर्षदाचं. त्यांच्याकडं एखादं उरलं असेल.”

“अहो, पण ती मांडवातली गोष्ट…” मी सुरुवात केली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ते वाक्य पुरं केलं नाही. मग गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून म्हणा, किंवा मला तिथं तसं उभं राहवेना म्हणून म्हणा, मी म्हटलं, “मुलींची आमच्याकडेही आहेत. पुष्कळ आहेत. दाखवू का?”

“नको.”

“पोहणाऱ्या मुलीचंच हवंय का?” हे मी का विचारलं, देव जाणे.

“पोहते का ती?” ऋजुता पहिल्यांदाच किंचित हसली. “हे नव्हतं माहीत. मला फक्त खरं असलेलं हवंय. मुलगा होऊ दे नाहीतर मुलगी, त्याच्या अंगाला पहिलं लागेल ते खरं असू दे. त्यांचा पत्ता द्या.”

कागद शोधला. टेबलावर कार्डांशिवाय कागद नव्हता. वरचं कार्ड उचलून मी मागच्या कोऱ्या बाजूला पत्ता लिहिला. संजयनगर, रेशनच्या दुकानामागची गल्ली, डावीकडचं चौथं घर, बाहेर मशीनचा आवाज येतो. कार्ड तिच्या हातात दिलं.

तिनं पत्ता वाचला. मग कार्ड उलटं करून माझ्या अक्षरातला पुढचा मजकूर वाचला, ‘मूळ बाळ: मुलगा. दहाव्या महिन्यात स्पष्ट बोलला.’ पुन्हा उलटं करून पत्ता वाचला आणि माझ्याकडे वर पाहिलं.

“काकू,” तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, “हा तरी खरा आहे ना?”